सुई टोचली, रक्त उडालं: एचआयव्ही आणि हेपॅटायटिसच्या तपासणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परिचारिका. आधी वॉर्डात होते, आता बरीच वर्षं संसर्ग नियंत्रणाचं काम बघते. रात्री-अपरात्री येणारा फोन बहुतेक एकाच वाक्याने सुरू होतो: "सिस्टर, सुई टोचली." लगेच पुढचा प्रश्न येतो: "टेस्ट कुठे करू?" नेमका तिथेच क्रम चुकतो. पहिले काही तास औषधाचे असतात. तपासणीचं खरं काम नंतर सुरू होतं आणि ते सहा महिने चालतं. हा क्रम मावशी, मामा, ब्रदर, सिस्टर, इंटर्न, लॅबमधली मुलं, कचरा उचलणारे लोक अशा सगळ्यांना पाठ असावा म्हणून हे प्रश्न एकत्र केले आहेत.

आत्ताच सुई टोचली आहे. आधी काय करू?

हातातलं काम दुसऱ्याकडे द्या आणि नळाखाली हात धरा. साबण लावून वाहत्या पाण्याने जखम धुवा. बोट दाबून रक्त काढू नका, तोंडात घालू नका, घासू नका. स्पिरिट, आयोडीन, ब्लीच यांतलं काहीही जखमेवर ओतू नका. त्याने त्वचा भाजते, फायदा काही होत नाही. बोट चोळून-पिळून लाल केलेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत. भीतीने हात आपोआप तसं करतात, म्हणून हे आधीच लक्षात ठेवलेलं बरं. धुऊन झालं की त्याच पावली कॅज्युअल्टीत जा. ड्युटी संपण्याची वाट बघू नका.

रक्त डोळ्यात किंवा तोंडात उडालं तर?

डोळा साध्या पाण्याने किंवा सलाइनने बराच वेळ धुवा, साबण लावू नका. लेन्स असेल तर ती आत असतानाच डोळा धुवा, मग लेन्स काढून पुन्हा धुवा. तोंडात गेलं असेल तर थुंका आणि पुष्कळ चुळा भरा. धडधाकट, न फाटलेल्या कातडीवर रक्त पडलं असेल तर धुतलं की झालं, त्याला संपर्क मानत नाहीत. हाताला चिरा असतील, इसब असेल किंवा ताजी खरचट असेल, तर मात्र सांगा.

खरंच किती धोका असतो?

एचआयव्ही असलेल्या माणसाच्या रक्ताची सुई टोचली आणि काहीच औषध घेतलं नाही, तरी हजारात सुमारे तीन जणांना लागण होते. डोळ्यात किंवा तोंडात रक्त उडालं तर त्याहूनही कमी, हजारात एकाच्या आसपास. हेपॅटायटिस सी पूर्वी शंभरात जवळपास दोघांना होतो असं मानत. अलीकडच्या अभ्यासांत आकडा बराच खाली, हजारात दोनच्या आसपास आला आहे. हेपॅटायटिस बी मात्र लस न घेतलेल्या माणसाला शंभरात सहापासून तीसपर्यंत होऊ शकतो.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा. आपण सगळे एचआयव्हीने घाबरतो, पण सुईवरून सगळ्यात सहज येतो तो हेपॅटायटिस बी. हा विषाणू वाळलेल्या रक्तात शरीराबाहेर सात दिवसांपर्यंत टिकतो. त्याच्यावर लस आहे, ती स्वस्त आहे, आणि तरीही प्रत्येक नव्या तुकडीत मला अर्धवट डोस घेतलेली मुलं भेटतात.

धोका सुईवरही अवलंबून असतो. शिरेतून नुकतीच काढलेली, आत रक्त असलेली पोकळ सुई खोल घुसली तर धोका जास्त. टाके घालायची भरीव सुई हातमोज्यातून ओझरती लागली तर कमी. रुग्णाच्या रक्तात विषाणूचं प्रमाण किती आहे यावरही बरंच ठरतं. एआरटी, म्हणजे एचआयव्हीची रोजची औषधं, नियमित घेणाऱ्या आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, न सापडण्याइतका खाली गेलेल्या रुग्णाकडून धोका फार कमी असतो. तरी निर्णय डॉक्टरांना घेऊ द्या.

पीईपी म्हणजे काय? ते किती वेळात घ्यायचं?

संपर्कानंतर एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांना पीईपी म्हणतात. विषाणू शरीरात शिरला की लगेच सगळीकडे पसरत नाही. त्याला मुळं धरायला थोडा वेळ लागतो आणि त्या वेळातच औषध रक्तात असायला हवं. म्हणून पहिला डोस शक्य तर दोन तासांच्या आत घ्यायचा. बहात्तर तास उलटून गेल्यावर सुरू करण्यात अर्थ उरत नाही. कोर्स २८ दिवसांचा. आपल्याकडे सध्या टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोलुटेग्रॅव्हिर ही तीन औषधं एकाच गोळीत येतात, दिवसातून एकदा. केंद्रावर तिला टीएलडी म्हणतात.

सरकारी रुग्णालयात ही गोळी कॅज्युअल्टीत चोवीस तास मिळायला हवी. एआरटी केंद्र सकाळी उघडेल, साहेब सकाळी येतील, असं कोणी सांगितलं तर थांबू नका. पहिली गोळी घ्या, बाकी चर्चा सकाळी. नंतर गरज नाही असं ठरलं तर औषध बंद करता येतं. गेलेले तास मात्र परत मिळत नाहीत.

मग त्याच दिवशी माझं रक्त कशाला घेतात? इतक्या लवकर काही कळतं का?

आजच्या सुईबद्दल काहीही कळत नाही. ही तपासणी तुमची कालपर्यंतची स्थिती सांगते. तिला बेसलाइन म्हणतात आणि ती तीन कारणांसाठी लागते.

पुढे काही निघालंच, तर ते या अपघातानंतर झालं हे दाखवायला तुमच्याकडे कागद हवा. कंत्राटी कामगारासाठी तर हा कागद सोन्यासारखा आहे. दुसरं, तुम्हाला आधीपासून एचआयव्ही असेल तर २८ दिवसांचा कोर्स उपयोगाचा नाही, तुम्हाला कायमचे उपचार हवेत. तिसरं कारण बहुतेकांना माहीत नसतं. टीएलडीमधली दोन औषधं हेपॅटायटिस बीवरही काम करतात. तुम्हाला आधीच हेपॅटायटिस बी असेल आणि २८ दिवसांनी गोळी अचानक बंद केली, तर दबलेला विषाणू उसळून यकृताला त्रास देऊ शकतो. म्हणून एचबीएसएजी ही हेपॅटायटिस बी आहे का ते सांगणारी तपासणी पहिल्याच दिवशी करायची.

एचआयव्ही, एचबीएसएजी आणि हेपॅटायटिस सीची अँटी-एचसीव्ही या तिन्ही तपासण्या, शिवाय यकृत आणि मूत्रपिंडाची तपासणी, त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत व्हावी. हेपॅटायटिस बीची लस घेतली असेल तर तिने संरक्षण तयार झालं का हे सांगणारी अँटी-एचबीएसही. पण रक्त द्यायचं राहिलं म्हणून गोळी अडवून ठेवायची नाही.

ज्या रुग्णाची सुई होती त्याचं रक्त गुपचूप तपासलं तर?

नाही. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा २०१७ सालचा आहे. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याप्रमाणे माणसाला नीट समजावून, त्याची संमती घेऊनच एचआयव्हीची तपासणी करता येते. लॅबमध्ये उरलेल्या नमुन्यातून करून घेऊ, हा विचार मनात येतो, कारण समोर आपली सहकारी रडत असते. मलाही तो मोह झाला आहे. पण रुग्णाजवळ बसून सरळ सांगितलं की, "दादा, तुमची सुई आमच्या मुलीला लागली आहे, तिचं औषध ठरवायला तुमची तपासणी करावी लागेल, रिपोर्ट बाहेर जाणार नाही," तर लोक हो म्हणतात. माझ्या अनुभवात नकार क्वचितच आला. नकार आलाच किंवा सुई कोणाची हे कळलंच नाही, तर डॉक्टर एकंदर परिस्थिती पाहून औषध ठरवतात.

त्या रुग्णाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. सुटलो का?

बहुतेक वेळा हो, आणि पीईपी तिथेच थांबवतात. अपवाद एकच: त्या रुग्णाला स्वतःला अगदी अलीकडे लागण झाली असण्याची शंका असेल, म्हणजे लागण तपासणीत दिसण्याआधीचा त्याचा विंडो काळ चालू असू शकेल, तर डॉक्टर कोर्स पुरा करायला सांगतात. एचआयव्ही निगेटिव्ह आला म्हणून बी आणि सी विसरू नका. हा घोटाळा सर्रास होतो. सगळे एका रिपोर्टवर हायसं वाटून घरी जातात आणि उरलेल्या दोन चाचण्यांची चौकशी कोणी करत नाही.

विंडो काळ म्हणजे काय? माझी तपासणी नेमकी कधी खरी धरायची?

लागण झाल्यापासून ती तपासणीत दिसेपर्यंत जो काळ जातो तो विंडो काळ. किती जातो हे चाचणी काय शोधते त्यावर ठरतं.

जुन्या पद्धतीच्या चाचण्या आणि बहुतेक रॅपिड किट आपल्या शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं, म्हणजे अँटिबॉडी शोधतात. त्यांना २३ ते ९० दिवस लागू शकतात. चौथ्या पिढीची चाचणी अँटिबॉडीबरोबर विषाणूचा पी२४ हा अंशही शोधते. शिरेतलं रक्त घेऊन ती प्रयोगशाळेत केली तर १८ ते ४५ दिवसांत लागण दिसते. लॅबच्या यादीत तिला कॉम्बो किंवा ड्युओ असं नाव दिसेल. थेट विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय भाग, शोधणारी चाचणी आणखी लवकर, साधारण १० ते ३३ दिवसांत सांगू शकते, पण ती महाग आहे आणि दरवेळी लागत नाही.

आपल्याकडे ठरलेलं वेळापत्रक असं: पहिल्या दिवशी, सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. पीईपी घेतलं असेल तर सहा आठवड्यांचा निगेटिव्ह रिपोर्ट दिलासा देणारा असतो, पण त्याला शेवटचा समजू नका. औषधामुळे अँटिबॉडी तयार व्हायला उशीर लागू शकतो.

मधल्या काळात ताप आला, अंगावर पुरळ उठलं, गाठी सुजल्या, घसा धरला तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा.

हेपॅटायटिस बीची लस घेतली होती, पण किती डोस झाले आठवत नाही.

ही तर घरोघरची गोष्ट. तीन डोस असतात: पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. पूर्ण झाल्यावर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस ही तपासणी करायची. आकडा १० किंवा त्याहून जास्त आला तर संरक्षण तयार झालं. हा आकडा कागदावर असेल तर नंतर कधीही सुई टोचली तरी हेपॅटायटिस बीसाठी काहीच करावं लागत नाही. पुढे वर्षांनी आकडा खाली गेला तरी धडधाकट माणसाच्या शरीरातली आठवण शाबूत राहते.

लस घेतलीच नसेल आणि समोरचा रुग्ण एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल, तर दोन गोष्टी लागतात: लसीचा पहिला डोस आणि एचबीआयजी हे तयार प्रतिद्रव्यांचं इंजेक्शन. वजनाच्या दर किलोला ०.०६ एमएल या हिशेबाने ते देतात. दोन्ही एकाच दिवशी चालतात, पण वेगवेगळ्या जागी टोचायची. एचबीआयजी २४ तासांच्या आत मिळालं तर उत्तम, सुईच्या अपघातात सात दिवसांपर्यंत देता येतं. ते महाग असतं आणि सगळीकडे शिल्लक नसतं, म्हणून चौकशी पहिल्याच दिवशी सुरू करा. डोस झाले की नाही आठवत नसेल, कागदही नसेल, तर अँटी-एचबीएस तातडीने करून घ्यायचं आणि १० च्या खाली आलं तर इंजेक्शन आणि लस दोन्ही घ्यायचं. सहा महिन्यांनी एचबीएसएजी पुन्हा तपासायचं, सोबत अँटी-एचबीसी, म्हणजे हेपॅटायटिस बीची लागण झाली होती का हे सांगणारी तपासणीही करायची.

एक बारीक गोष्ट. लस घेतल्यावर काही दिवस, क्वचित अठरा दिवसांपर्यंतही, एचबीएसएजी खोटं पॉझिटिव्ह दिसू शकतं, कारण लसीत तोच अंश असतो. एका मुलीची या कारणाने उगाच झोप उडाली होती. म्हणून रक्त आधी, लस नंतर.

गावाकडे हेपॅटायटिस बीला पांढरी कावीळ म्हणतात आणि माळ घालणं, हातावर डाग देणं, नाकात औषध टाकणं असे उपाय अजून चालतात. माळेने विषाणू जात नाही. डाग देणारा सगळ्यांना एकच तापवलेली वस्तू लावतो, नाकात टाकायच्या औषधात काय आहे हे कोणी सांगत नाही, आणि त्यात तपासणीचे मोलाचे आठवडे निघून जातात.

हेपॅटायटिस सीला लस नाही म्हणतात. मग काय करायचं?

लस नाही, पीईपीही नाही. म्हणून इथे सगळा भार तपासणीवर आहे. पहिल्या दिवशी अँटी-एचसीव्ही. तीन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान एचसीव्ही आरएनए, कारण विषाणू रक्तात एक-दोन आठवड्यांतच सापडू लागतो, अँटिबॉडीला दोन-तीन महिने लागतात. मग चार ते सहा महिन्यांनी पुन्हा अँटी-एचसीव्ही.

आता चांगली बातमी, जी मला प्रत्येकाला ओरडून सांगावीशी वाटते: हेपॅटायटिस सी बरा होतो. बहुतेकांना सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर या गोळ्या बारा आठवडे घ्याव्या लागतात आणि शंभरातले ९५ हून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. काही जणांच्या शरीरातून तर हा विषाणू औषधाशिवाय आपोआप निघून जातो.

बरं झाल्यावरही अँटी-एचसीव्ही जन्मभर रिॲक्टिव्ह, म्हणजे अँटिबॉडी सापडल्याचं, येत राहतं. ती जुन्या लढाईची खूण आहे, आजार नाही. आखाती देशांत नोकरीला जाताना या तिन्ही विषाणूंची तपासणी होते. त्यामुळे बरे झालेल्यांनी आरएनए न सापडल्याचा रिपोर्ट जपून ठेवावा.

मी कचरा गोळा करते. पिशवीतली सुई बोटात गेली. कोणाची ते माहीत नाही.

ताई, आधी हात धुवा आणि आजच दवाखान्यात जा. पूर्ण उत्तर देते, कारण तुमच्याबद्दल फार थोडं लिहिलं जातं.

कचऱ्यातली सुई बहुतेक वेळा घरातली असते. मधुमेह असलेली माणसं इन्सुलिन घेतात, साखर तपासायला बोट टोचतात, आणि सुई तशीच ओल्या कचऱ्यात टाकतात. तिच्यावर रक्त असलंच तर फार थोडं, तेही वाळलेलं. अशा सुईतून एचआयव्हीची लागण होण्याचा धोका फारच कमी असतो, कारण हा विषाणू शरीराबाहेर फार काळ तग धरत नाही. हेपॅटायटिस बीचं तसं नाही, हे वर सांगितलंच. म्हणून तुमच्यासाठी सगळ्यात निकडीची गोष्ट हेपॅटायटिस बीची लस. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं नसेल तर तेही. पीईपी लागेल की नाही हे सुई कुठे सापडली, त्यात ओलं रक्त होतं का, दवाखान्याच्या कचऱ्यासोबत होती का, यावर डॉक्टर ठरवतील. सुई तपासणीला घेऊन जाऊ नका. सुई तपासून काही कळत नाही आणि ती नेताना पुन्हा कोणाला तरी टोचते.

दवाखान्यांसाठी २०१६ सालचे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत. सुया आणि धारदार वस्तू न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात, आणि हा कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं ही दवाखान्याची जबाबदारी. घरातल्या सुईला कोणी विचारत नाही. तुमच्या घरात इन्सुलिन घेणारं कोणी असेल तर कृपा करून जाड प्लास्टिकची डबी ठेवा, सुया तिच्यात टाका, भरली की झाकण घट्ट चिकटवून वर मोठ्या अक्षरांत 'सुया' लिहा आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईच्या हातात सांगून द्या. एवढ्याने एखादीचे सहा महिने वाचतात.

असुरक्षित संबंध आला, कंडोम फाटला. हेच सगळं लागू होतं का?

हो, बहात्तर तासांचं घड्याळ तेच. एआरटी केंद्रात किंवा या विषयातल्या डॉक्टरांकडे लगेच जा आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगा. अर्धवट सांगितलं तर अर्धवट औषध मिळतं. इथे सिफिलिस आणि गुप्तरोगांची तपासणीही करायची, आणि गर्भधारणेची शक्यता असेल तर तातडीची गोळीही.

अत्याचार झाला असेल तर?

कोणत्याही रुग्णालयात जा, सरकारी किंवा खासगी. मोफत उपचार देणं कायद्याने त्यांना बंधनकारक आहे. आधी पोलिसांत जाऊन या, असं म्हणून ते परत पाठवू शकत नाहीत. पीईपी, हेपॅटायटिस बीची लस, गर्भनिरोधक गोळी हे पहिल्याच भेटीत मिळायला हवं. यात तुमचा काहीही दोष नाही.

सलूनचा वस्तरा, जत्रेतलं गोंदण, डास, उष्टं ताट?

डास आणि उष्टं ताट: धोका नाही. मिठी, एकच शौचालय, शिंक: नाही. वस्तरा: पातं नवं घ्यायला सांगा, डोळ्यांसमोर. जत्रेत एकाच सुईने आणि एकाच शाईच्या वाटीतून दिवसभर गोंदतात, तिथे हेपॅटायटिस बी आणि सी यांचा धोका खरा आहे. तीच गोष्ट एकच सिरिंज उकळून सगळ्यांना इंजेक्शन देणाऱ्यांची. २००९ साली शेजारच्या गुजरातेत मोडासा इथे वापरलेल्या सिरिंजमधून हेपॅटायटिस बीची साथ पसरली आणि माणसं दगावली. असं काही घडलं असेल तर तीन आणि सहा महिन्यांनी तपासून घ्या.

गोळ्यांनी त्रास होतो. मधेच सोडल्या तर चालेल?

मळमळ, डोकेदुखी, झोप न लागणं, विचित्र स्वप्नं. पहिल्या आठवड्यात होतं, मग बहुतेकांचं कमी होतं. झोप उडत असेल तर गोळी सकाळी घ्या. सोडू मात्र नका.

दुसरी औषधं चालू असतील तर आवर्जून सांगा. कॅल्शियम, लोह आणि ॲसिडिटीची काही औषधं डोलुटेग्रॅव्हिरला शोषू देत नाहीत. टीएलडी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर तिचा डोस डॉक्टरांना बघावा लागतो. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर डोलुटेग्रॅव्हिर दिवसातून दोनदा लागतं. गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही पीईपी देता येतं. गर्भ आहे म्हणून औषध नाकारायचं नसतं.

घरी सांगू का? सहा महिने कसं वागायचं?

हा प्रश्न लोक शेवटी, दाराशी उभं राहून विचारतात. एचआयव्हीचा शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत कंडोम वापरा, रक्तदान करू नका, दिवस राहण्याचा विचार पुढे ढकला. एवढं पाळायचं तर जोडीदाराला सांगावंच लागतं. मी सांगा असंच म्हणते. "अहो, कामावर सुई लागली आहे, औषध चालू आहे, सहा महिने जपायचं आहे," एवढं पुरेसं असतं. लपवलेली गोळ्यांची बाटली सापडली की जे प्रश्न उठतात ते यापेक्षा फार कठीण असतात. घरातली भांडी, कपडे, मुलांना जवळ घेणं यांत काहीही बदलायचं नाही.

रक्तदान केलं की आपोआप तपासणी होते ना?

कृपा करून असं करू नका. दान केलेल्या रक्ताची एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी होते हे खरं. पण तुम्ही विंडो काळात असाल तर चाचणी निगेटिव्ह दाखवेल आणि ती पिशवी थॅलेसेमियाच्या एखाद्या लेकराला चढेल. एचआयव्हीची तपासणी आयसीटीसीत, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात मोफत होते. जवळचं केंद्र माहीत नसेल तर १०९७ हा मोफत क्रमांक देशात कुठूनही लागतो.

नोंद केली तर नोकरी जाईल का?

मी पहिल्या वर्षाला असताना मला सुई टोचली होती. वरिष्ठांनी सांगितलं, रजिस्टरमध्ये लिहू नकोस, वॉर्डाचं नाव खराब होतं. मी लिहिलं नाही, औषधही मागितलं नाही. पुढचे सहा महिने मी आरशात स्वतःच्या मानेच्या गाठी चाचपत काढले. मला काही झालं नाही. पण ज्या मुली आज माझ्याकडे येतात त्यांना ते सहा महिने मिळू नयेत म्हणून मी हे काम सोडलेलं नाही.

कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१७ च्या कायद्यात रुग्णालयाने तिथे काम करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला सुरक्षा साधनं, प्रशिक्षण आणि पीईपी द्यायचं असं लिहिलं आहे. 'काम करणारी प्रत्येक व्यक्ती' यात कंत्राटी मावशी आणि शिकाऊ मुलगीही आली. एचआयव्ही आहे म्हणून कोणाला कामावरून काढणं हा भेदभाव आहे आणि त्याला याच कायद्याने मनाई आहे. तेव्हा अपघाताचा अर्ज भरा. तारीख, वेळ, कोणती सुई, कोणतं काम चालू होतं, हातमोजे होते का, हे सगळं लिहा आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवा.

रिपोर्ट रिॲक्टिव्ह आला तर?

एका चाचणीवर एचआयव्हीचं निदान होत नाही. आपल्याकडे तीन वेगवेगळ्या किटवर खात्री केल्यावरच पॉझिटिव्ह म्हणतात. खासगी लॅबचा एकच कागद हातात असेल तर तो घेऊन आयसीटीसीत या. खात्री झालीच तर एआरटी मोफत आहे, आपल्या देशात ती १ एप्रिल २००४ पासून सरकारतर्फे मिळते. रोजची गोळी घेऊन पूर्ण आयुष्य जगणारी, निरोगी मुलं झालेली माणसं आमच्या केंद्रात दर महिन्याला येतात.

सगळे रिपोर्ट चांगले आहेत, तरी मी दर आठवड्याला टेस्ट करते.

भीती रिपोर्टने जात नाही, हे मी स्वतःवरून सांगते. पण पाचव्या, दहाव्या, पंधराव्या दिवशीची तपासणी तुम्हाला काहीच सांगू शकत नाही. पैसे जातात आणि प्रत्येक निगेटिव्हनंतर शंका पुन्हा उगवते. समुपदेशकाशी बोला, ते याचसाठी तिथे बसलेले असतात. आणि तारखा एकदाच कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, म्हणजे मधल्या दिवसांना तपासणीचं काम उरत नाही.

त्या तारखा कशा काढायच्या?

समजा सुई १ जूनला टोचली, लस आधी झालेली नव्हती आणि रुग्णाची माहिती मिळाली नाही. १ जूनला पहिली गोळी, बेसलाइनचं रक्त आणि लसीचा पहिला डोस. २८ जूनला शेवटची गोळी. १ जुलैला दुसरा डोस. १३ जुलैला सहा आठवडे होतात: एचआयव्ही आणि एचसीव्ही आरएनए. १ सप्टेंबरला एचआयव्ही. १ डिसेंबरला आधी एचआयव्ही, अँटी-एचसीव्ही, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी यांचं रक्त, मग त्याच खुर्चीवर लसीचा तिसरा डोस. जानेवारीच्या शेवटी अँटी-एचबीएस, आणि त्याचा आकडा ओळखपत्राच्या मागे लिहून ठेवायचा.